गाडी का हलते : सातारा-सांगलीतील मोटारसायकल दुरुस्तीचा इतिहास

मोटारसायकल बिघडण्याचे दोन प्रकार आहेत. एकात गाडी चालतच नाही. दुसऱ्यात ती चालते, पण सरळ राहत नाही, वळणावर ऐकत नाही, ब्रेक दाबला की एका अंगाला ओढते. पहिल्या प्रकारात दोष इंजिन, कार्बोरेटर किंवा वायरिंगमध्ये असतो आणि तो हुडकण्याची वाट बरीचशी सरळ असते. दुसऱ्या प्रकारात टायर, चाकाच्या बेअरिंग, स्टिअरिंगचा कोनसेट, पुढचे फोर्क, मागचा स्विंगआर्म, शॉक आणि खुद्द चासी असे सगळेच संशयित असतात. दोष असतो एकीकडे, जाणवतो दुसरीकडे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे दुसरे काम सायकलची दुकाने, नांगरांचे कारखाने आणि लेथ यांच्या आधाराने वाढले. वेगवान, स्पोर्ट जातीच्या गाड्या आल्यावर त्याचे रूप पालटले.

हे दोन जिल्हे एकाच जुन्या सातारा जिल्ह्यातून आणि भोवतालच्या संस्थानांतून घडले आहेत. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या भागातली लोखंडकामाची परंपरा त्याहून जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर, चरक, पुढे पंप तयार होऊ लागले. त्याआधी, १८८८ मध्ये, किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात जे दुकान काढले होते ते सायकलींचे होते. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या यंत्रोद्योगाचा उगम दुचाकीची विक्री-दुरुस्ती करणाऱ्या दुकानात आहे, ही गोष्ट नांगराच्या गाजलेल्या कथेमागे झाकली जाते. साताऱ्याच्या बाजूला धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ मध्ये सातारा रोड स्थानकाजवळ उभा राहिला. तिथेही सुरुवात नांगरांनी झाली आणि डिझेल इंजिने मागाहून आली. ओतकाम, लेथ, ड्रिल, फाइल या गोष्टी हाताळणारी माणसे त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांत तयार होत गेली. सहकारी साखर कारखान्यांच्या वर्कशॉपांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्यांत भर घातली. सांगलीत १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, त्याला पुढे वालचंद यांचे नाव मिळाले. कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे. मोटारसायकल दुरुस्त करणारा मिस्त्री बहुधा या महाविद्यालयांतला नसे. पण त्याला बुश काढून देणारा लेथवाला कारखान्यात हात बसलेला असे.

दुसरा आधार सायकलीच्या दुकानाचा. कोन, कप आणि त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या सुट्या गोट्या ही सायकलीच्या हँडलची आणि चाकाची रचना, आणि जुन्या मोटारसायकलीच्या हँडलची रचनाही तीच, फक्त दणकट. कोन किती कसायचा याचे माप हातात असे. जास्त कसला तर हँडल जड होते, कमी कसला तर ब्रेक मारताच टकटक वाजते. आऱ्या कमीजास्त ताणून रिमचा आउट काढणे ही सायकलवाल्याची कला मोटारसायकलीच्या चाकालाही जशीच्या तशी लागू पडली. रिम फिरवायची, जवळ खडू धरायचा आणि जिथे खडू घासेल तिथल्या आऱ्यांचा ताण बदलायचा, ही पद्धत आऱ्यांची चाके असेपर्यंत टिकली.

स्वातंत्र्यानंतर रस्त्यावर तीनच नावे ठळक होती. मद्रासमध्ये १९५५ पासून एनफिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ मध्ये जावा आणली, तीच पुढे येझदी झाली. एस्कॉर्ट्‌सची राजदूत १७५ पोलंडमधल्या एसएचएल गाडीवरून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. तिन्ही गाड्या वेगासाठी नव्हत्या. त्यांच्या वाट्याला ओझे आले. भिलवडीला १९३९ पासून चितळ्यांची डेअरी होती. दूधसंकलन गावोगाव वाढले तशी राजदूत आणि येझदीच्या दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन लटकू लागल्या. चाळीस लिटरची कॅन भरली की दूध आणि भांडे मिळून पंचेचाळीस किलोंच्या पुढे जाते. दोन कॅन म्हणजे एका माणसाहून जास्त वजन, तेही मागच्या चाकाच्या आसाजवळ किंवा त्याच्याही मागे. स्विंगआर्मच्या बुशांवर हा भार रोज, कच्च्या रस्त्यावर, धक्क्यांसह येत असे.

बुश झिजला की मागचे चाक चासीच्या रेषेत राहत नाही. स्विंगआर्म ज्या दांड्यावर हलतो त्याच्या दोन बुशांमधले अंतर लहान असते आणि दांड्यापासून चाकापर्यंतचे अंतर त्याच्या दुपटी-तिपटीचे. बुशातली अर्ध्या मिलिमीटरची सैल टायरपाशी पोहोचेपर्यंत त्याच प्रमाणात वाढते. रिकाम्या गाडीला ती जाणवत नाही, भरल्या कॅन घेऊन वळताना गाडी मागून हलते. नवा बुश दुकानात मिळेलच अशी खात्री परवाना-राजच्या काळात नव्हती, आणि मिळाला तरी झिजलेल्या दांड्यावर तो सैलच बसे. म्हणून दांडा घासून गुळगुळीत करायचा आणि त्या मापाला गनमेटलचा बुश लेथवर काढून घ्यायचा, हा रिवाज पडला. बुशाला आतून तेलाची खाच मारून दिली की तो चांगला टिके. कारखान्याचे माप बाजूला पडून प्रत्येक गाडीचे स्वतःचे माप तयार होई आणि ते मिस्त्रीच्या डोक्यात राही. गाडी दुसऱ्या गॅरेजला गेली की नवा मिस्त्री आधीच्याच्या नावाने बोटे मोडी. त्यात तथ्य थोडे असे, धंद्याची रीत जास्त.

मधल्या काळात साताऱ्याला दुचाकीचा स्वतःचा कारखाना मिळाला. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यात प्रिया स्कूटर तयार होऊ लागली. स्कूटरचे दुखणे मोटारसायकलीहून वेगळे होते. चाक लहान, त्यामुळे खड्डा मोठा. इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे हात सोडले की गाडी त्या बाजूला झुकणार. हा दोष रचनेतलाच असल्याने त्यावर उपाय नव्हता आणि चालवणाऱ्याच्या अंगवळणी तो पडून जाई. या कारखान्यामुळे शहरात डाय, जिग, फिक्श्चर, सुटे भाग यांचे काम जाणणारा वर्ग वाढला. स्कूटरचे उत्पादन थांबल्यावर कंपनी डाय आणि भागांच्याच कामाकडे वळली.

वागणुकीच्या तक्रारींना खरी धार आली ती १९८३ मध्ये. त्या वर्षी एस्कॉर्ट्‌सने यामाहाच्या आरडी ३५० वरून बेतलेली राजदूत ३५० बाजारात आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. बुलेटला अठरा अश्वशक्ती होती तेव्हा हिच्या ताकदवान आवृत्तीला तीसच्या वर. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. भारतीय आवृत्तीला खर्च वाचवण्यासाठी ड्रम लावला गेला. ताकद वाढवून ब्रेक कमी करण्याचा हा निर्णय आजच्या नजरेला नवलाचा वाटतो आणि तेव्हाही जाणकारांना वाटला होता. गाडी महाग, पेट्रोल जास्त खाणारी, सुटे भाग दुर्मीळ. दशक संपता संपता तिचे उत्पादन बंद पडले. तिची धाकटी बहीण म्हणावी अशी यामाहा आरएक्स १०० मात्र १९८५ मध्ये आली आणि १९९६ पर्यंत विकली गेली. ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती आणि शंभर किलोंच्या आसपास वजन या जमाखर्चामुळे ती तालुक्याच्या गावातल्या तरुणांचीही स्पोर्ट गाडी झाली.

टू-स्ट्रोक गाडीचा एक स्वभाव साताऱ्याच्या डोंगरात फार महागात पडे. थ्रॉटल सोडल्यावर फोर-स्ट्रोक इंजिन गाडीला मागे धरते, टू-स्ट्रोक फारसे धरत नाही. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना, महाबळेश्वरहून केळघर घाटाने मेढ्याकडे येताना किंवा कासहून यवतेश्वरच्या उताराने साताऱ्यात शिरताना सगळा भार ब्रेकवर येई. ड्रम तापला की लायनिंगची पकड सुटते. वारंवार तापून त्यावर काचेसारखा चकचकीत थर चढतो आणि मग गार असतानाही ब्रेक नीट लागत नाही. शू काढून सँडपेपरने घासणे हा तात्पुरता इलाज झाला, ड्रम अंडाकृती झाला असेल तर तो लेथवर फिरवून घ्यावा लागे. ब्रेक दाबताना लिव्हर हाताला ठराविक तालात मागे ढकलत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही हे ओळखायचे.

याच काळात दोष हुडकण्याचा एक क्रम गॅरेजांत रुजला. त्याची मांडणी कुणी लिहून ठेवली नाही, पण तो तर्काला धरून आहे. आधी मालकाला विचारायचे : कधी हलते, कोणत्या वेगाला, वेग वाढताना की सोडताना, एकटे असताना की मागे कुणी बसल्यावर. वेग सोडत आणताना हँडल भराभर थरथरले तर संशय पुढच्या बाजूवर : टायर, चाकाचा तोल, कोनसेटची सैल. वेग वाढवताना संबंध गाडी संथपणे डावी-उजवीकडे झुलली तर संशय मागे : स्विंगआर्म, शॉक, मागच्या चाकाच्या बेअरिंग किंवा कॅरिअरवरचे ओझे. अगदी कमी वेगात गाडी सरळ न जाता सतत हाताने सावरावी लागली तर कोनसेट.

मग गाडी डबल स्टँडवर घ्यायची, पण पान्याला हात लावण्याआधी टायरची हवा पाहायची. हवा कमी असेल तर वरचे सगळे दोष खोटेच दिसू शकतात, आणि दहा मिनिटांत मिटणाऱ्या कामासाठी अर्धी गाडी खोलली जाते. टायरची नक्षी किती उरली हे त्यानंतर. मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरला किमान ०.८ मिलिमीटर नक्षी लागते. पण वागणूक बिघडायला त्याआधीच सुरुवात होते, कारण नक्षीपेक्षा टायरचा गोलावा महत्त्वाचा. गाडी वळते ती टायरच्या गोल खांद्यावर लवंडून. मधला भाग चपटा झाला की लवंडताना एक कड लागते, आणि ती ओलांडली की गाडी एकदम वळणात पडते. टायरच्या बाजूवर छापलेले चार अंक कोणत्या आठवड्यात आणि वर्षी तो तयार झाला ते सांगतात. जुना टायर नक्षीदार असूनही कडक होतो.

कोनसेट तपासण्यासाठी पुढचे चाक अधांतरी करून हँडल हळू फिरवायचे. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकले तर गोट्यांनी त्या ज्यावर फिरतात त्या रेसला खड्डे पाडले आहेत. खड्डे नेमके मधोमध पडतात, कारण गाडी सरळ असतानाच रस्त्यावरचे दणके बसतात. नवा सेट हाताशी नसला तर जुनी रेस ठोकून काढून पाव फेरा वळवून बसवायची, म्हणजे गोट्या खड्ड्यांसमोर येत नाहीत, ही युक्ती मिस्त्री लोकांत सर्वश्रुत आहे. काही महिने निभतात. नंतरच्या काळात सुट्या गोट्यांच्या जागी निमुळत्या रोलरची बेअरिंग बसवण्याची पद्धत आली आणि हे खड्डे पडणे पुष्कळ कमी झाले.

ब्रेक मारताना येणारा 'टक' आवाज मात्र फसवा असतो. तो कोनसेटच्या सैलीचा असू शकतो किंवा फोर्कच्या आतल्या बुशांच्या झिजेचा. एकाने पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे हलवायची आणि दुसऱ्याने फोर्क धरणारी खालची टी आणि चासीचे डोके यांच्या सांध्यावर बोट ठेवायचे. बोटाला हालचाल लागली तर कोनसेट. तिथे काही न लागता फोर्कची नळी आणि तिचा खालचा भाग यांच्यात खेळ जाणवला तर फोर्क. हे न करता कोनसेट कसत गेले की हँडल जड होते, आवाज तसाच राहतो आणि गाडी नव्याने बिघडते. वागणुकीच्या कामात नुकसान बहुतेकदा अशा अंदाजी कसण्याने झालेले आहे.

गाडी एका बाजूला ओढते ही तक्रार दोरीने सुटते. मागच्या टायरला गुंडाळून दोन्ही बाजूंनी सुतळी पुढच्या चाकापर्यंत ताणायची आणि दोन्हीकडचे अंतर सारखे आहे का पाहायचे. साखळी ताणण्याच्या ठिकाणी स्विंगआर्मवर खुणा असतात, पण जुन्या गाड्यांत त्यांचा भरवसा नसे. पडलेल्या गाडीचे हँडल वाकडे दिसले तर लगेच फोर्क बदलायची गरज नसते. पुष्कळदा नळ्या शाबूत असतात, फक्त टीमध्ये पिळलेल्या असतात. टीचे आणि आसाचे बोल्ट ढिले करायचे, पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल जागेवर आणायचे, फोर्क दोन-चार वेळा दाबून सोडायचे आणि बोल्ट खालून वर कसत यायचे. सुटा भाग एकही लागत नाही. नळीच वाकली असेल तर ती काचेच्या तुकड्यावर लोळवली की उजेडाच्या फटीत वाक दिसतो.

रस्त्यांनी या दुखण्यांची वाटणी केली. साताऱ्याची पश्चिम बाजू घाटांची. तिथे टायरचे खांदे झिजतात, ब्रेक झिजतात, कोनसेट चांगला राहतो. पाटणहून चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट पावसाळ्यात खड्ड्यांचा असतो, तेव्हा तेही सुख राहत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकीचा बोगदा २००० च्या सुमारास खुला झाला. पुण्याकडून येणारी वाहने घाट चढू लागली आणि साताऱ्याकडून जाणारी बोगद्यातून. बोगद्यापुढचे दुहेरी वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाले. ज्या गाडीचे मागचे बुश गेले आहेत ती अशा डावे-उजवे लागोपाठ येणाऱ्या वळणावरच उघडी पडते. पुढे महामार्ग चौपदरी झाला, आणि कराड ते पेठ नाका सरळ रेषेत धावणाऱ्या गाड्यांचे टायर मधोमध चपटे होऊ लागले.

सांगलीकडची जमीन सपाट आणि काळी. पेठ नाक्यापासून सांगलीला जाणारा रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी बदनाम होता. त्याने कोनसेट आणि चाकांच्या बेअरिंग खाल्ल्या. उसाच्या हंगामात शेतातून निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्त्यावर चिखल आणतात. तो वाळून धूळ होतो आणि तेल लावलेल्या साखळीला चिकटतो. तेल आणि वाळू यांचे मिश्रण साखळीच्या पिना घासत राहते. साखळी लांबते म्हणतात, पण लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी झीज साठते. लांबलेली साखळी स्प्रॉकेटच्या दातांच्या टोकावर चढते आणि दात आकड्यासारखे वाकडे करते. नुसती साखळी बदलली तर वाकडे दात ती लवकर संपवतात, म्हणून साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायचे. पैसे वाचवण्यासाठी हा नियम मोडणारे गिऱ्हाईक सहा महिन्यांत परत येते.

गॅरेजच्या इतिहासातला मोठा बदल १९९९ ते २००८ या वर्षांत झाला. १९९९ मध्ये हीरो होंडाची सीबीझेड आली, २००१ मध्ये बजाजची पल्सर, २००३ मध्ये करिझ्मा. पुढचा डिस्क ब्रेक आणि फोर-स्ट्रोक इंजिन यांमुळे वेग आणि थांबणे पहिल्यांदा एकमेकांना शोभू लागले. पल्सर आकुर्डी-चाकणच्या कारखान्यांतली, म्हणजे साताऱ्याहून दोन-तीन तासांच्या अंतरावरची. २००८ मध्ये यामाहाने आर१५ आणली. तिची डेल्टाबॉक्स चासी, मागचा एकच शॉक आणि त्याची लिंक यांनी वागणुकीची कल्पनाच बदलली. गाडी दीडशे सीसीचीच होती, पण वळणावर तिच्यासमोर मोठ्या गाड्या अवघडून जात. कास आणि पसरणीच्या वळणांना शोभणारी गाडी या भागाला तेव्हा मिळाली.

दुरुस्तीच्या अंगाने पाहिले तर या गाड्यांनी लेथवाल्याला बाजूला केले. आऱ्यांची जागा मिश्रधातूच्या चाकांनी घेतली, आणि आउट झालेले ओतीव चाक ताणून सरळ होत नाही. स्विंगआर्मात गनमेटलच्या बुशाऐवजी रबरी बुश किंवा सुईसारख्या रोलरची बेअरिंग आली. ती प्रेसने काढायची आणि नवी बसवायची, घडवायची नाही. मागच्या शॉकमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, तो गॅरेजात भरता येत नाही. ठोकून, घासून, फिरवून भाग पुन्हा उपयोगी करण्याचे काम संपत आले आणि झिजलेला भाग ओळखून बदलण्याचे काम उरले. दोष हुडकण्याचा क्रम मात्र जुनाच राहिला. हवा, टायर, चाक, कोनसेट, फोर्क, स्विंगआर्म ही चढती भांजणी आर१५ लाही तितकीच लागू आहे.

नव्या गाड्यांनी एक नवे दुखणेही आणले, आणि ते हौसेचे होते. मागचे टायर जितके रुंद तितकी गाडी भारी दिसते, या समजुतीने पल्सरला कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर लावण्याची लाट आली. अरुंद रिमवर चढवलेला रुंद टायर दोन्ही कडांनी आत दाबला जातो, त्याचा माथा टोकदार होतो आणि रस्त्याला टेकणारा भाग उलट कमी होतो. टायरची उंची वाढली तर मागची बाजू उचलली जाते, हँडलच्या दांड्याचा कल बदलतो आणि पुढचे चाक स्वतःहून सरळ राहण्याची गाडीची ओढ कमी होते. अशा गाडीचे हँडल थरथरते म्हणून कोनसेट बदलून घेणारे कमी नव्हते. योग्य मापाचा टायर परत लावणे हाच तिथे इलाज, आणि तो गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणे हे पान्याच्या कामापेक्षा अवघड.

जानेवारी २०१२ मध्ये केटीएमची ड्यूक २०० चाकणहून बाहेर पडली. पुढचे फोर्क उलटे, म्हणजे जाड नळी वर आणि चकचकीत बारीक नळी खाली, जाळीदार चासी आणि रेडिअल टायर. उलट्या फोर्कची ऑइल सील तळाशी, चाकाजवळ असते. उडालेला चिखल नळीवर वाळतो, फोर्क दबताना तो सीलच्या ओठात शिरतो आणि तेल बाहेर येऊ लागते. सील बदलताना दोन्ही बाजूंची बदलायची आणि तेलही दोन्हीकडे सारख्या मापाने भरायचे. एका बाजूला नवे, दुसऱ्या बाजूला जुने तेल ठेवले तर दोन पाय वेगवेगळ्या गतीने दबतात. गळलेले तेल ब्रेकच्या पॅडवर गेले असेल तर पॅड धुऊन भागत नाही, ते टाकूनच द्यावे लागतात. नळीवर गंजाचे बारीक ठिपके उठले असतील तर नवी सीलही काही आठवड्यांत फाटते. ठिपके पाहण्याआधी सील विकत आणणे हा त्यामुळे फुकट खर्च.

या गाड्यांना डबल स्टँड नसतो. वजन वाचते, पण चाक अधांतरी करून तपासण्याची सोय जाते. ज्या गॅरेजांनी पाइप वाकवून, वेल्डिंग मारून पुढचे-मागचे पॅडॉक स्टँड करून घेतले त्यांना हे काम जमले, बाकीच्यांनी ते शोरूमकडे सोडले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. चाकाच्या बेअरिंगची सैल आता फक्त हातालाच जाणवत नाही. चाकाबरोबर फिरणारी दातेरी चकती आणि तिचा सेन्सर यांच्यातले अंतर बिघडून मीटरवर दिवा लागू शकतो. चाक काढताना चकतीला पाना लागून दात वाकला तरी तोच दिवा. तेव्हा दिवा पाहून महागडा भाग मागवण्याआधी चाक हाताने हलवून पाहणे शहाणपणाचे.

सांगलीच्या गॅरेजांपुढे एक प्रश्न कृष्णेने उभा केला. आयर्विन पुलापाशी नदीची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर जुलै २०२१ मध्येही पूर शहरात शिरला. बुडालेल्या दुचाकीचे इंजिन सगळ्यांच्या लक्षात राहते : तेल काढा, प्लग काढा, टाकी धुवा. गाडी सुरू झाली की मालक सुटकेचा श्वास टाकतो. पण पाणी कोनसेटमध्ये, स्विंगआर्मच्या बेअरिंगमध्ये, शॉकच्या लिंकमध्ये आणि फोर्कच्या सीलखालीही पोहोचलेले असते. गाळाचे पाणी ग्रीसमध्ये मिसळून त्याचा राखाडी लगदा होतो आणि त्याआड रोलर गंजतात. चाकाच्या बेअरिंगवर सील असते, पण ते उडणारे पाणी अडवण्यासाठी, दिवसचे दिवस बुडून राहण्यासाठी नाही. दोष लगेच दिसत नाही. पूर ओसरून काही महिने गेल्यावर हँडल जड होते, मागचा शॉक दबेनासा होतो, आणि तेव्हा पुराशी त्याचा संबंध जोडायचे सुचत नाही. बुडालेल्या गाडीचा सांगाडा पूर्ण खोलून सगळ्या बेअरिंग तपासणे आणि ग्रीस बदलणे एवढाच त्यावर मार्ग. एकाच शॉकच्या गाडीत ते काम जुन्या राजदूतच्या तिप्पट आहे, कारण लिंकमध्ये सांधे जास्त आणि प्रत्येक सांध्यात सुईसारखे रोलर.

लेथवाल्याचे काम या क्षेत्रातून पूर्ण गेलेले नाही. कंपन्यांनी भाग बनवणे थांबवलेल्या राजदूत ३५० आणि आरएक्स १०० या गाड्यांना हौशी मालकांमुळे पुन्हा मोल आले आहे. त्यांचे बुश, दांडे, स्पेसर आजही मापाने काढून घेतले जातात आणि ड्रम फिरवून दिले जातात. वाकलेली फोर्कची नळी प्रेसवर सरळ करून देणारेही आहेत. धिम्या गाडीत ते चालून गेले, वेगवान गाडीत मात्र एकदा वाकलेली नळी पुन्हा वापरत नाहीत, कारण वाक काढला तरी धातू तिथे कमजोर झालेला असतो. चासीचे डोके मागे सरकले असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर आणि मिस्त्री यांच्यात घासाघीस होते, आणि चासी बदलायची म्हटली की नव्या चासी क्रमांकाची नोंद करून घ्यायला आरटीओत जावे लागते : साताऱ्याला एमएच ११, सांगलीला एमएच १०, कराडला एमएच ५०.